झुरळाला साखर कडू लागते तेव्हा

‘झुरळांना आता औषधाची सवय झालीय’ ही तक्रार पेस्ट कंट्रोलवाल्याला कायम ऐकावी लागते. खरं तर झुरळाला सवय वगैरे होत नाही. औषधाने मरायची ती मरतात, जन्मतःच काही वेगळेपण असलेली उरतात, आणि पुढची पिल्लं त्यांचीच असतात. शिवाय पुष्कळदा अडचण विषाची नसतेच. ती साखरेची असते.

घरात वावरणारं छोटं, मानेमागे दोन काळे पट्टे असलेलं ते जर्मन झुरळ. त्याच्यासाठी जेलचे टिपके लावतात. जेलमध्ये विष नावापुरतं, बाकी सगळं खाऊ, आणि त्यात बऱ्याचदा ग्लुकोज. फ्लोरिडातली काही झुरळं असं आमिष तोंडाला लावून मागे फिरत होती. ती विषाला नव्हे, ग्लुकोजलाच नाकारतात, हे कीटकशास्त्रज्ञ ज्यूल्स सिल्व्हरमन यांनी १९९३ साली दाखवून दिलं. फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर, मात्र ती आवडीने खात.

कारण कळायला २०१३ उजाडलं. झुरळाच्या तोंडाभोवती बारीक केस असतात आणि प्रत्येक केसाच्या बुडाशी चव ओळखणाऱ्या चेतापेशी. एक पेशी गोडाला चेतते, दुसरी कडूला. साध्या झुरळात ग्लुकोजने फक्त गोडाची पेशी चेतते. या बंडखोरांत त्याच ग्लुकोजने कडूची पेशीही चेतते, आणि वर गोडाच्या पेशीला दाबून टाकते. म्हणजे जीभ तीच (झुरळाला जीभ नसते, पण असो), पदार्थ तोच, मेंदूकडे जाणारा निरोप मात्र उलटा. हा गुण आनुवंशिक आहे.

याचा फटका थेट प्रणयाला बसतो. नर पाठीवरच्या ग्रंथींतून गोड स्राव देऊन मादीला थांबवून धरतो. त्यात माल्टोज नावाची साखर असते. मादीच्या लाळेने तिचं ग्लुकोज होतं, आणि ग्लुकोजद्वेष्टी मादी तोंड कडू करून निघून जाते!

कामाचा भाग असा, की टिपक्याजवळ येऊन, तोंड लावून झुरळ परत फिरत असेल तर तेच जेल जास्त लावून काही होत नाही. आमिषाचा पायाच, म्हणजे त्यातला खाऊ, बदलावा लागतो. नुसतं विषाचं नाव बदललेली नवी ट्यूब आणली तर तिच्यातही तीच साखर असू शकते. आणखी एक, टिपक्याच्या आसपास फवारा मारू नये. बऱ्याच फवाऱ्यांनी झुरळं दूर पळतात, मग आमिषापर्यंत येणार कोण? अल्ट्रासॉनिक यंत्र भिंतीला लावून झुरळं पळतात हा दावा तर चाचण्यांत टिकलेला नाही. पैसे तेवढे पळतात.

आणि आठवडाभराने पुन्हा टॉर्च घेऊन बघायला यायचंच. मादी अंड्यांची पेटी शेपटाला लावून फिरते आणि एका पेटीतून तीस-चाळीस पिल्लं निघतात.