काळी दोनची दोन नावे

गेल्या महिन्यात एकच संदेश मला तीन वेगवेगळ्या गटांवरून आला. त्यात दोन दावे होते. एक, योहान सेबास्टियन बाख या जर्मन संगीतकाराने 1722 साली सप्तकाचे बारा समान भाग पाडायची पद्धत शोधून काढली. दोन, त्याच्या काळी एक ठरलेला स्वर 432 हर्ट्झला धरून वाद्ये लावत, म्हणून ते संगीत ऐकल्याने पेशी दुरुस्त होतात. पुढे 440 हर्ट्झ लादून माणसाचे आरोग्य बिघडवले गेले.

दुसरा दावा आधी निकालात काढू. बाखच्या जर्मनीत वाद्ये लावायची एकच एक पट्टी नव्हतीच. चर्चमधले ऑर्गन बऱ्याच ठिकाणी आजच्या मानाने चढे, साधारण 465 हर्ट्झच्या आसपास असत आणि दरबारातली वाद्ये उतरी, साधारण 415च्या आसपास. लाइप्झिगमध्ये बाखला ऑर्गनवादकासाठी सुटे पान एक स्वर खाली उतरवून लिहावे लागे, कारण ऑर्गन आणि व्हायोलिन एका पट्टीत नसत. शिवाय हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने, आणि सेकंद हे माणसाने ठरवलेले माप आहे. दिवसाचे 86,400 ऐवजी एक लाख भाग पाडले असते, तर हाच स्वर वेगळ्या आकड्याने ओळखला गेला असता. पेशींना आपले घड्याळ कळत नाही. कानाला कळते ते दोन स्वरांमधले गुणोत्तर, आणि बाखची खरी गोष्ट या गुणोत्तरांपाशीच सुरू होते.

त्याचे आयुष्य थोडक्यात सांगतो. जन्म 1685, आयझेनाख. दहाव्या वर्षापर्यंत आई-वडील दोघेही गेले आणि ओर्ड्रुफला ऑर्गनवादक असलेल्या थोरल्या भावाने त्याला सांभाळले. विशीत असताना नामांकित ऑर्गनवादक बुक्सटेहुडेचा ऑर्गन ऐकायला तो आर्नश्टाटहून ल्यूबेकपर्यंत सुमारे चारशे किलोमीटर चालत गेला. 1717 साली वायमारच्या ड्यूककडे नोकरी सोडायचा हट्ट धरल्याबद्दल जवळजवळ महिनाभर कोठडीत होता. मग क्योथेनचा दरबार आणि 1723पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे 1750पर्यंत, लाइप्झिग. दोन लग्ने, वीस मुले. नवा ऑर्गन तपासायला त्याला गावोगावी बोलावत, इतके त्याला वाद्याच्या पोटातले कळत असे.

क्योथेनला असताना 1722 साली त्याने चोवीस प्रील्यूड (सुरुवातीची मोकळी रचना) आणि चोवीस फ्यूग (एकच धून आळीपाळीने अनेक आवाजांत येणारी रचना) एका वहीत बांधले. बारा स्वरांपैकी प्रत्येक स्वर आधार धरून एक मेजर (शुद्ध गंधाराची) आणि एक मायनर (कोमल गंधाराची) जोडी. त्यातल्या अकरा प्रील्यूडची आधीची रूपे थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडमान याच्या शिकवणीच्या वहीत सापडतात. या संग्रहाच्या नावाचा अर्थ ‘नीट जुळवलेले क्लाव्हिअर’. क्लाव्हिअर म्हणजे पट्ट्यांचे कोणतेही वाद्य. नावात ‘नीट’ आहे, ‘समान’ नाही.

हा फरक कळायला तंबोरा घ्या. खर्जाची तार छेडली, जवारी खुलली की कोणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तार तिच्या मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वेगानेही एकाच वेळी थरथरत असते. दुप्पट म्हणजे वरचा सा, तिप्पट म्हणजे पंचम, पाचपट म्हणजे गंधार. याच सप्तकात उतरवले तर सा आणि पंचमाचे गुणोत्तर 3/2, सा आणि गंधाराचे 5/4. हे निसर्गाने दिलेले आहे, कोणा पंडिताने ठरवलेले नाही.

आता नुसत्या पंचमाने वाद्य लावत जाऊ. सा पासून पंचम, त्या पंचमाचा पंचम म्हणजे रे, मग ध, मग ग. चार पायऱ्यांत गंधार आला. पण 3/2 चार वेळा गुणा: 81/16. तंबोऱ्याचा गंधार आहे 5, म्हणजे 80/16. ऐंशीला एक्याऐंशी! षड्ज-पंचम भावाने मिळालेला गंधार स्वयंभू गंधारापेक्षा चढा निघतो, आणि दोन्ही सोबत वाजले तर कानाला बोचतो.

तसेच पुढे जात राहिलो तर बारा पंचमांनंतर पुन्हा सा यायला हवा, सात सप्तके वर. बारा पंचम म्हणजे 129.75 पट. सात सप्तके म्हणजे 128 पट. वर्तुळ मिटत नाही. आणि ते कधीच मिटणार नाही, याचे कारण पाचवीतल्या मुलालाही पटेल: 3 ला 3 ने कितीही वेळा गुणा, उत्तर विषम, 2 ला 2 ने कितीही वेळा गुणा, उत्तर सम. विषम संख्या सम संख्येला गाठणार कशी? या न मिटणाऱ्या फटीला कॉमा म्हणतात. एका अर्ध्या स्वराचा जवळपास चौथा भाग. मला गणितातल्या फार थोड्या गोष्टींनी इतके हलवले आहे. जगातल्या प्रत्येक पट्टीवाद्याच्या पोटात ही फट आहे. ती बुजवता येत नाही, फक्त वाटून देता येते.

कशी वाटायची, यावर युरोपात दोनेक शतके डोकेफोड चालली. बाखच्या आधी जी पद्धत रुळली होती तिच्यात गंधार अगदी स्वच्छ ठेवत आणि त्यासाठी प्रत्येक पंचम किंचित आवळत, म्हणजे 3/2 पेक्षा थोडा उतरा ठेवत. अकरा पंचम आवळले की सगळी चूक बाराव्याच्या अंगावर पडे. पेटीवर पांढरी एकला सा धरून सप्तकातल्या पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या डावीकडून मोजतात; त्यातली काळी चार ते काळी दोन हा पंचम इतका ताणला जाई की त्याला ‘लांडगा’ म्हणत, कारण तो वाजला की घुमत घुमत ओरडे. त्या बाजूला कोणी फिरकत नसे. पांढरी एक, पांढरी दोन, पांढरी पाच अशा पट्ट्यांत सुंदर वाजवा, लांडग्यापासून दूर राहा. या पद्धतीत काळी दोन हा एक स्वरही नव्हता: रे चढवून आलेला वेगळा, ग उतरवून आलेला वेगळा, आणि दोघांत तब्बल 41 सेंटचा फरक. (सेंट म्हणजे सप्तकाचा 1200वा भाग, अर्धा स्वर 100 सेंटचा.) काही ऑर्गनांवर तर ती काळी पट्टी मधोमध चिरून दोन स्वर बसवलेले असत.

1691 साली आंद्रेआस वेर्कमाइस्टर या जर्मन ऑर्गनवादकाने वेगळी वाटणी छापली. बारापैकी चारच पंचम आवळायचे, प्रत्येकी पाव कॉमा. उरलेले आठ शुद्ध. फट वाटली गेली आणि लांडगा गेला. पण गंधार सगळीकडे सारखा राहिला नाही. स्वयंभू गंधार सा पासून 386 सेंटवर असतो. वेर्कमाइस्टरच्या लावणीत (म्हणजे वाद्य लावायच्या पद्धतीत) पांढरी एकचा गंधार 390वर येतो, जवळजवळ शांत. काळी एकचा मात्र 408वर, चांगलाच चढा. सगळीकडे समान वाटणी केली तर प्रत्येक गंधार 400 आणि प्रत्येक पंचम 700, म्हणजे शुद्ध पंचमाहून फक्त 2 कमी. समान वाटणीचे गणितही बाखच्या आधीचेच: चीनमध्ये राजपुत्र झू झाइयू याने 1584 साली ते मांडले होते. तेव्हा बाखने ते ‘शोधले’ हे साफ चुकीचे.

मग बाख स्वतः कोणती लावणी करत असे? त्याच्या मृत्युलेखात म्हटले आहे की तो हार्पसिकॉर्ड (तारा छेडणारे पट्टीवाद्य) इतके स्वच्छ जुळवी की सगळ्या पट्ट्या गोड वाजत. पहिले चरित्रकार फोर्केल सांगतात, दुसऱ्याने लावलेले वाद्य त्याला पसंत पडत नसे आणि स्वतः लावायला पाव तासाहून जास्त वेळ लागत नसे. त्याचा शिष्य किर्नबेर्गर याच्या आठवणीनुसार गुरूने सगळे गंधार शुद्धाहून चढे लावायला सांगितले होते. यावरून लावणी समान होती असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. तीन शुद्ध गंधार एकावर एक रचले तर 125/64 होतात, सप्तकाच्या 128/64 पर्यंत पोचतच नाहीत. तेव्हा सगळे गंधार थोडेफार चढवणे हा वर्तुळ मिटवण्याचा एक सरळ मार्ग झाला. वेर्कमाइस्टरचे 390, 396, 408 हेही चढेच, आणि समान तर मुळीच नाहीत. 2005 साली हार्पसिकॉर्डवादक ब्रॅडली लेहमन यांनी तर संग्रहाच्या मुखपृष्ठावरच्या वेलबुट्टीच्या वेटोळ्यांत बाखने लावणीच लिहून ठेवल्याचा तर्क मांडला. तर्क मोहक आहे, पण वेटोळी कोणत्या टोकापासून आणि कशी वाचायची यावरच एकमत नाही, म्हणून मी त्याला पुरावा मानत नाही.

बाखच्या हातात कंपने मोजणारा मीटर नव्हता. तो विस्पंद ऐकत असणार. शाळेत दोन नादकाट्यांचा प्रयोग केला असेल तर आठवेल: कंपनसंख्या जवळ आल्या की आवाज लहानमोठा होत डोलतो, आणि फरक जितका, तितक्या वेळा सेकंदाला डोलतो. आपल्या पेटीवर मध्य सप्तकात पांढरी एक आणि पांढरी पाच एकत्र धरा. पेटी बरोबर लागलेली असेल तर सेकंदाला जेमतेम एक विस्पंद, कान तो सोडून देतो. आता पांढरी एक आणि पांढरी तीन धरा. खालच्या स्वराची पाचपट 1308, वरच्याची चौपट 1318; सेकंदाला दहा विस्पंद. तोच तो पेटीच्या गंधाराचा खरखरीत थरथराट. तंबोऱ्यापाशी बसून हा प्रयोग केला की आपल्या गवयांची पेटीबद्दलची तक्रार कानानेच कळते. 1940 साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, ती तीसेक वर्षे टिकली. त्याआधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कृष्णाजी बल्लाळ देवल आणि अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी श्रुतींची, म्हणजे सूक्ष्म स्वरांची, पेटी घडवून पाहिली होती. पण पेटीवाल्याची अडचण क्योथेनच्या बाखसारखीच आहे. आज गवई काळी एकला गाणार, उद्या गायिका काळी चारला. सा सरकला की शुद्ध गंधारही सरकायला हवा, आणि पट्टी तर जागची हलत नाही.

बाखने ही अडचण संगीत लिहिताना वापरून घेतली असावी. 1979 साली अभ्यासक जॉन बार्न्स यांनी याच संग्रहातल्या मेजर प्रील्यूडमध्ये कोणता गंधार किती ठळकपणे येतो याची मोजदाद केली आणि त्यातून असमान लावणीच्या खुणा शोधल्या. मला स्वतःला पहिला प्रील्यूड ऐकतानाही हे जाणवते: पांढरी एकच्या मेजरमध्ये स्वर सावकाश एकामागून एक उलगडतात आणि गंधाराला निवांत घुमायला जागा मिळते. काळी एकच्या मेजरमध्ये मात्र सगळे भरभर पळते, गंधार कुठे रेंगाळत नाही.

आणि एक पुरावा तर बाखच्याच हस्ताक्षरात आहे. आठवी जोडी, काळी दोनची. प्रील्यूड त्याने उतरलेल्या ग चा मायनर म्हणून लिहिला आणि लगेच पुढचा फ्यूग चढलेल्या रे चा मायनर म्हणून. जुन्या लावणीत ज्या दोन स्वरांत 41 सेंटचे अंतर होते, ज्यांच्यासाठी पट्टी चिरावी लागे, ते दोन्ही इथे त्याच एका पट्टीवर वाजतात. प्रील्यूड संपतो, पान उलटते, स्वराचे नाव बदलते आणि बोट तिथेच असते.