दोनशे फुटांवर काय दिसतं?

डिसेंबर-जानेवारीत पुण्या-मुंबईहून पहाटेच्या विमानाने दिल्लीला जाणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही. वैमानिक सांगतो, दिल्लीत धुकं आहे, आपण जयपूरला उतरतोय. जयपूरला विमानातच ताटकळत बसलेलं असताना फोन लागतो आणि कळतं, की आपल्या मागून निघालेलं दुसरं विमान दिल्लीत उतरलंसुद्धा! मग जो आरडाओरडा होतो, तो सगळा बिचाऱ्या केबिन क्रूला ऐकून घ्यावा लागतो.

धुकं दोघांनाही तेच होतं. दोन वैमानिकांना लागू असलेले आकडे मात्र वेगळे होते, आणि ते विमान उडायच्या कितीतरी आधी ठरलेले होते.

हे आकडे अप्रोच चार्टवर, म्हणजे विमानतळावर उतरण्याच्या वाटेच्या नकाशावर असतात. पूर्वी हा चार्ट कागदी होता, आता टॅबलेटवर असतो. अमेरिकेत 1930च्या दशकात टपाल वाहून नेणाऱ्या एल्रे जेपेसन नावाच्या वैमानिकाने दहा सेंटच्या वहीत डोंगरांच्या उंची, धावपट्ट्यांची लांबी, वाटेतल्या खुणा टिपून ठेवायला सुरुवात केली. सहकारी वही मागू लागले, तेव्हा 1934मध्ये तो तिच्या प्रती दहा डॉलरला विकू लागला. आजही जगभरचे वैमानिक चार्टला ‘जेप’ म्हणतात ते त्याच्याच नावावरून.

चार्टच्या वरच्या पट्टीत रेडिओची फ्रिक्वेन्सी, धावपट्टीची दिशा आणि उतरता आलं नाही तर कुठे वळून किती उंचीवर जायचं, हे लिहिलेलं असतं. त्याखाली वरून पाहिल्यासारखा नकाशा, मग बाजूने पाहिल्यासारखा उतार. तळाशी एक छोटा तक्ता असतो. त्याला म्हणायचं मिनिमम्स, म्हणजे काही दिसल्याशिवाय ज्यांच्या खाली जाता येत नाही ते आकडे. मला विचाराल तर बाकीचं पान या तक्त्यापर्यंत पोचण्यासाठीच आहे.

बहुतेक मोठ्या विमानतळांवर विमानाला खाली आणतं ते आयएलएस, म्हणजे इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम. धावपट्टीजवळचे अँटेना रेडिओलहरींचे दोन अदृश्य पट्टे आकाशात सोडतात, एक डावं-उजवं सांगणारा, दुसरा वर-खाली सांगणारा. प्रत्येक पट्ट्यात 90 आणि 150 हर्ट्झचे दोन सूर मिसळलेले असतात. दोन्ही सारख्याच जोराचे असले, की विमान बरोबर मध्ये आहे. एक वरचढ झाला, की कॉकपिटमधला काटा सरकतो. विमान असं तीन अंशांच्या उतारावरून घसरत येतं.

साध्या आयएलएसचं, म्हणजे कॅट वनचं, ठरलेलं मिनिमम आहे धावपट्टीपासून 200 फूट उंची आणि 550 मीटर दृश्यमानता. 200च का, हे थोडं गणित केलं की उमगतं. तीन अंशांच्या उतारावर 200 फुटांवर असलेलं विमान धावपट्टीच्या तोंडापासून साधारण 870 मीटर अलीकडे असतं. आणि धावपट्टीच्या अलीकडे जमिनीवर जी दिव्यांची रांग असते, तिची पूर्ण लांबी असते 900 मीटर. म्हणजे निर्णयाच्या क्षणी विमान दिव्यांच्या बाहेरच्या टोकावर नुकतंच पोचलेलं असतं. दृश्यमानता 550 मीटर असेल, तर त्यातले दोनेकशे मीटर विमानाच्या नाकाखाली झाकले जातात. उरले तीनेकशे. दिव्यांच्या ओळी तीस-तीस मीटरवर असतात, तेव्हा वैमानिकाला दिसतात जेमतेम दहा ओळी. धावपट्टी त्याला दिसतच नाही! तशी अपेक्षाही नाही. दिवे दिसले तर पुढे जायचं, नाहीतर इंजिनाला जोर देऊन वर चढायचं. याला गो-अराउंड म्हणतात. 140 नॉट, म्हणजे ताशी साधारण 260 किलोमीटर वेगाने येणारं विमान सेकंदाला बारा फूट खाली येत असतं, त्यामुळे जमीन उरते सोळा-सतरा सेकंदांवर. चर्चा करायला हा वेळ पुरत नाही. म्हणून ‘मिनिमम्स’ अशी हाक येताच एकाच शब्दात उत्तर द्यायचं असतं, ‘कंटिन्यू’ किंवा ‘गो-अराउंड’.

याच हिशोबामुळे दिव्यांची रांग बंद असेल, तर तक्त्यातली दृश्यमानता वाढते. वर-खाली सांगणारा पट्टा बंद पडला, तर उंचीही वाढते. कॉकपिटमधला उंची दाखवणारा काटा, म्हणजे अल्टिमीटर, मात्र समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. लोहगावची धावपट्टीच समुद्रापासून 1900 फुटांहून वर आहे, तेव्हा तिथे 200 फुटांचा निर्णय काटा 2100च्या पुढे असतानाच घ्यावा लागतो.

दिल्लीत कॅट थ्रीबी, म्हणजे दाट धुक्यासाठीचं वरच्या दर्जाचं आयएलएस आहे. त्यात 50 मीटर दृश्यमानतेतही उतरता येतं, कारण तिथे ऑटोपायलटच चाकं टेकवतो आणि त्यातला एक भाग बिघडला तरी दुसरा काम पुरं करतो. ही दृश्यमानता कुणी डोळ्यांनी अंदाजत नाही. धावपट्टीशेजारची यंत्रं प्रकाशाचा झोत सोडून किती उजेड पलीकडे पोचला ते मोजतात. बंगळुरूच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेने बनवलेल्या अशा यंत्राचं नावच ‘दृष्टी’ आहे. पण धावपट्टी कॅट थ्रीची असून भागत नाही. विमानाला तशी मान्यता हवी आणि दोन्ही वैमानिकांचं प्रशिक्षण झालेलं हवं. तिघांपैकी जो सगळ्यांत कच्चा, त्याचा आकडा लागू होतो. 2023च्या डिसेंबरअखेर दिल्लीची बरीच विमानं वळवावी लागली, तेव्हा असं प्रशिक्षण नसलेले वैमानिक धुक्यात का पाठवले, म्हणून डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, कंपन्यांना नोटिसा दिल्या. जयपूरला राग काढायचाच असेल, तर तो ड्यूटीच्या वेळापत्रकावर काढावा, समोरच्या वैमानिकावर नाही. गंमत म्हणजे उड्डाणासाठी 125 मीटर लागतात. उतरताना यंत्र असतं, उडताना माणूस. म्हणून दिल्लीत कधीकधी विमानं उतरतात, पण निघू शकत नाहीत.

200 फुटांचा हा हिशोब एका गृहीतावर उभा आहे, ते म्हणजे अल्टिमीटर खरं बोलतो. तो मुळात हवेचा दाब मोजतो. त्या जागचा दाब किती, हे त्याला वैमानिकाने सांगावं लागतं. दाब मोजतात हेक्टोपास्कलमध्ये, आणि एका हेक्टोपास्कलची चूक म्हणजे साधारण 28 फुटांची चूक. 23 मे 2022 रोजी पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर एक एअरबस ए320 पावसात उतरत होतं. त्या धावपट्टीचं आयएलएस बंद होतं, म्हणून विमान उपग्रहाच्या मदतीने येत होतं आणि उताराची उंची अल्टिमीटरवरूनच ठरत होती. नियंत्रकाने दाब 1001 ऐवजी 1011 सांगितला. त्यामुळे विमान जिथे असायला हवं, त्याच्या 280 फूट खालून येऊ लागलं, आणि कॉकपिटमधल्या उतार दाखवणाऱ्या काट्यांच्या लेखी ते बरोबर वाटेवर होतं. आयएलएस असतं, तर ही चूक उतारात शिरलीच नसती. त्या रेडिओ पट्ट्याला हवेच्या दाबाशी देणंघेणं नसतं.

काट्यावर मिनिमम आलं. वैमानिकांना दिवे दिसले नाहीत, म्हणून त्यांनी गो-अराउंड केला. वर चढण्याआधी विमान जमिनीपासून अवघ्या सहा फुटांवर आलं होतं आणि धावपट्टी अजून दीडेक किलोमीटर पुढे होती. हे त्यांना कळलंही नाही. तोच चुकीचा दाब ठेवून ते दुसऱ्यांदा आले. या खेपेला त्यांना धावपट्टी दिसली, आपण फार खाली आहोत हे डोळ्यांनी कळलं, आणि उतार सावरून ते उतरले.