जुना रंग लाकडापर्यंत खरवडायलाच हवा का?

आजीचं लाकडी कपाट रंगवायला काढलं की कोणीतरी हमखास सांगतं, "आधी सगळा रंग खरवडून काढ, नाहीतर नवा बसणार नाही." त्या कष्टाच्या धास्तीने चांगलं सागवानी कपाट भंगारात जातं, याचं मला फार वाईट वाटतं. कारण हे खरं नाही.

नवा रंग सुटतो तो जुन्या रंगामुळे नाही, त्याच्या चकाकीमुळे आणि वर बसलेल्या तेलकटपणामुळे. गुळगुळीत ऑइल पेंटवर नव्या थराला धरायला जागाच नसते. म्हणून आधी साबणाच्या पाण्याने पुसा, वाळू द्या आणि 180 नंबरचा वॉटर पेपर (ओला वापरायचा घासकागद) पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवा. चकाकी मरून पृष्ठभाग दुधाळ दिसला की पुरे. धूळ पुसून एक हात प्रायमर, मग रंग.

जुना थर घट्ट आहे का, हे पाहायला ब्लेडने फुलीसारख्या दोन चिरा पाडा, त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. पट्टीला रंगाचे पापुद्रे आले, तर तेवढा भाग मात्र काढावाच लागतो.

उलट कोरडं खरवडणं घातक ठरू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत जास्तीत जास्त 90 भागांची, मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासूनची. त्याआधीच्या रंगाच्या धुळीत शिसं असू शकतं, म्हणूनच ओलं घासायचं. लहान मुलं आणि गरोदर बायकांना तेवढा वेळ तिथे फिरकू देऊ नका.