बोस्को/गुरीन

दक्षिण स्वित्झर्लंडच्या तिचीनो कँटनमधील (प्रांतातील) व्हाल्लेमाज्जा जिल्ह्यातील एक लहान ग्रामपालिका. समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मी. उंचीवर, रोव्हाना नदीच्या खोऱ्याच्या माथ्याशी, इटलीच्या सीमेला लागून ती वसलेली आहे. क्षेत्रफळ सुमारे २२ चौ. किमी. असले, तरी त्यातील बराच भाग कडे, खडक व उन्हाळी कुरणे यांनी व्यापला आहे. सीमेवरील व्हांडफ्लूहॉर्न हे शिखर २,८६३ मी. उंच आहे. कँटनमधील हे सर्वांत उंचावरचे गाव असून, इटालियन भाषिक तिचीनोमध्ये परंपरेने जर्मन बोलणारे हे एकमेव गाव होय.

या वेगळेपणाचे मूळ खालच्या खोऱ्यात नसून वरच्या खिंडीत आहे. स्वित्झर्लंडच्या व्हाले (व्हॅलिस) प्रदेशातील वाल्सर हे जर्मन भाषिक लोक आल्प्स ओलांडून प्रथम आजच्या इटलीतील फोर्मात्सा खोऱ्यात स्थिरावले आणि तेराव्या शतकात त्यांच्यापैकी काही कुटुंबे गुरीनर फुर्का खिंडीतून येथे उतरली. १० मे १२५३ रोजी येथील चर्चचा अभिषेक झाल्याची नोंद आहे. म्हणजे तोपर्यंत वस्ती चांगलीच स्थिरावली होती. पुढील कित्येक शतके गावाचे आप्तसंबंध खिंडीपलीकडच्या जर्मन भाषिकांशी राहिले, तर रोव्हाना खोऱ्यातील इटालियन भाषिक शेजाऱ्यांशी प्रामुख्याने व्यवहारापुरता संबंध येई. येथील बोली त्यामुळेच टिकली. स्थानिक लोक तिला ‘ग्गुरीनार्टिच’ म्हणतात आणि प्रमाण जर्मन भाषेपासून ती बरीच दूर आहे.

गावाच्या इतिहासात हिमलोटांचा वाटा मोठा आहे. १६९५ च्या हिमलोटात ३४, तर १७४९ च्या हिमलोटात ४१ माणसे दगावली. काहीशे वस्तीच्या गावात याचा अर्थ, क्वचितच एखादे घर सुतकाविना राहिले असेल. पुढे गावाच्या वरच्या अंगाला संरक्षक भिंती बांधण्यात आल्या.

खाली दगडी बांधकाम व वर लाकडी ओंडक्यांची खोली, ही येथील जुन्या घरांची ठेवण होय. धान्याची कोठारे लाकडी खुंटांवर उभारलेली असून प्रत्येक खुंटाच्या डोक्यावर चपटी, गोल शिळा बसवलेली असते. उंदीर खुंट चढून आला, तरी शिळेच्या पुढे आलेल्या कडेपाशी त्याची वाट खुंटते. १३८६ मधील मानले जाणारे एक घर वाल्सर संग्रहालयाच्या ताब्यात आहे. हे संग्रहालय १९३८ मध्ये स्थापन झाले.

गुरे, गवत आणि थोडेफार राय हे धान्य यांवर चालणारी ही अर्थव्यवस्था एकोणिसाव्या शतकात अपुरी पडू लागली. त्या शतकाच्या मध्याला लोकसंख्या तीनशेच्या वर होती. पुढे परदेशांत होणारे स्थलांतर, आणि नंतर खालच्या शहरांतील नोकऱ्या, यांमुळे ती घटत गेली. २००० च्या जनगणनेत ७१ रहिवासी मोजले गेले आणि अलीकडे हा आकडा पन्नासच्या आसपास आहे. लोकसंख्येपेक्षाही भाषेतील बदल अधिक बोलका आहे : २००० मध्ये जर्मन ही मुख्य भाषा सांगणारे जेमतेम एक तृतीयांश उरले होते. खालच्या खोऱ्यातील चेव्हियो गावाकडून चेरेंतीनोमार्गे वर येणाऱ्या मोटाररस्त्याने गावाचे तोंड खिंडीकडून खोऱ्याकडे वळवले. शिक्षण, नोकरी व विवाह यांतून इटालियन घराघरांत आली. गावाच्या वरच्या ग्रोसआल्प या कुरणाच्या परिसरात हिवाळ्यात स्कीइंग चालते.