जुन्या मालिका डिस्कवर: कुठली आली, कुठली राहिली आणि का

जुन्या दूरदर्शन मालिकांचे संच जमवणाऱ्यांत एक प्रश्न दर दोन-चार महिन्यांनी निघतोच, की अमुक मालिका डीव्हीडीवर का नाही. आणि त्याला कोणीतरी ठरलेलं उत्तर देतं, "मागणी नाही हो." मला हे उत्तर कधीच पटलं नाही. लोक अजून ज्यांची नावं काढतात अशा कितीतरी मालिका डिस्कवर धड आल्या नाहीत, आणि त्रेपन्न भागांची 'भारत एक खोज', जी बघायला दर रविवारी गल्ली वगैरे ओस पडत नव्हती, ती मात्र डीव्हीडी संचात आली. म्हणजे लोकप्रियता हा एक भाग झाला, पण खरी मेख दोन गोष्टींत आहे. टेप कोणाच्या कपाटात होती आणि हक्क कोणाच्या नावावर होते.

अगदी सुरुवातीचं थोडक्यात उरकतो. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, सगळं कृष्णधवल, बरंच काही थेट प्रक्षेपण, आणि जे टेपवर जायचं ते मोठ्या, महागड्या, बाहेरून आणलेल्या टेपवर. एक कार्यक्रम दाखवून झाला की त्याच टेपवर दुसरा चढवायचा, हा तेव्हाचा रोजचा व्यवहार. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता, पुन्हा कधी कोण हे बघणार असं सगळ्यांनाच वाटायचं. ब्रिटनमध्येही तेच झालं. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेच्या पहिल्या सहा वर्षांचे २५३ भाग, त्यातले नऊ २०१३ मध्ये नायजेरियात सापडल्याचं जाहीर झालं तरी तेव्हा ९७ भाग गायबच होते. फरक एवढाच की त्यांनी फिल्मवर कॉप्या काढून त्या देशोदेशी विकल्या होत्या, म्हणून कुठून तरी डबे निघत राहिले. आपल्या मराठी कार्यक्रमांना तेव्हा परदेशात गिऱ्हाईकच नव्हतं, त्यामुळे 'गजरा'चा किंवा 'चिमणराव'चा एखादा हरवलेला भाग आफ्रिकेतल्या गोदामात निघेल अशी आशा ठेवण्यात अर्थ नाही.

१९८२ ला रंग आले, आशियाई खेळ आले, व्हीसीआर घरोघरी नाही तरी गल्लोगल्ली भाड्याने मिळायला लागले, हे सगळं सर्वांना माहिती आहे. मुद्दा १९८४ चा आहे. 'हम लोग' सुरू झाली ती प्रायोजित मालिका म्हणून, आणि या 'प्रायोजित' शब्दाने पुढची चाळीस वर्षं घोळ घातलाय.

लोक समजतात प्रायोजित म्हणजे नूडल्सवाल्या कंपनीने पैसे दिले तर मालिका त्या कंपनीची. काही जण समजतात, सरकारी चॅनेलवर लागली म्हणजे सरकारची, म्हणजे आपल्या सगळ्यांची, मग कॉपी करून वाटली तर काय बिघडलं. दोन्ही चूक. साधारण रचना अशी होती की मालिका निर्माता बनवणार, खर्च त्याचा किंवा त्याने गाठलेल्या प्रायोजकाचा, वर चॅनेलला प्रक्षेपणाची फी भरायची, आणि बदल्यात जाहिरातीचे ठरावीक सेकंद मिळायचे जे विकून पैसा वसूल करायचा. चॅनेलकडे आला तो दाखवण्याचा हक्क. मालिका, तिची मास्टर टेप (जिच्यावरून कॉप्या निघतात ती मूळ टेप) आणि पुढे तिचं जे काय करायचं ते निर्मात्याकडे. याच्या उलट जिथे चॅनेलने स्वतः पैसे देऊन मालिका बनवून घेतली तिथे हक्क चॅनेलचे. 'भारत एक खोज' या दुसऱ्या गटातली, 'रामायण' आणि 'महाभारत' पहिल्या.

आता ही व्यवस्था बरोबर होती का, यावर जमवणाऱ्यांत अजून भांडणं होतात. एक बाजू म्हणते की ट्रान्समीटर सरकारचे, दुसरं चॅनेल नाही म्हणून अख्खा देश बघणार हे ठरलेलं, रविवारी सकाळची साडेनऊची वेळ सरकारची, आणि त्यातून तयार झालेली किंमत मात्र खासगी निर्माता कॅसेटी विकून आयुष्यभर खाणार, हे कसलं धोरण. बावन्न भागांचं ठरलेलं 'रामायण' वाढत वाढत अठ्ठ्याहत्तरवर गेलं, तेही सरकारच्या परवानगीने, मग वाटा नको का? मुद्दा बिनतोड नाही, पण उडवून लावण्यासारखाही नाही.

दुसरी बाजू, आणि मी उघडपणे या बाजूला झुकतो, म्हणते की ज्याच्या नावावर हक्क होता त्याला टेप जपण्यात पैसा दिसत होता. निर्मात्याने मास्टर पुसून त्यावर दुसरं काही चढवलं नाही कारण तोच त्याचा माल. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ चं 'रामायण' आणि ऑक्टोबर १९८८ ते १९९० चं 'महाभारत' पूर्णच्या पूर्ण मिळतं ते यामुळे. सरकारी कपाटातल्या गोष्टी जपायची जबाबदारी सगळ्यांची होती, म्हणजे कोणाचीच नव्हती. हे थोडं एकतर्फी झालं, मान्य, कारण खासगी निर्मात्यांकडेही टेपा सडल्या, भावाभावांत वाटण्या होऊन हक्क कोर्टात अडकले, ऑफिस बदलताना खोकी भंगारात गेली, असं होतंच. तरी गोळाबेरीज बघितली तर निर्मात्याच्या हातातलं जास्त वाचलं असंच माझं मत आहे.

याचा पुरावा हवा तर २०२० बघा. लॉकडाऊनमध्ये २८ मार्चपासून 'रामायण' पुन्हा दाखवायचं ठरलं तेव्हा चॅनेलला निर्मात्याच्या कुटुंबाकडेच जावं लागलं, कारण हक्क तिकडे होते. आणि मग काही प्रेक्षकांनी स्क्रीनशॉट टाकले की कोपऱ्यात चक्क डीव्हीडी कंपनीचा लोगो दिसतोय, म्हणजे सरकारी चॅनेल बाजारातली डिस्क लावून बसलंय की काय! वरून ते नाकारलं गेलं, ते आमचं प्रक्षेपण नसेल अशा अर्थाचं उत्तर आलं, आणि विषय विरला. खरं खोटं काही असो, पण जमवणाऱ्यांना त्यात नवल काहीच वाटलं नाही, तो कोपऱ्यातला लोगो आम्ही सगळे ओळखतो.

त्या लोगोची गोष्ट म्हणजे खरं तर आपल्याकडच्या संग्रहाची गोष्ट. त्याआधी व्हीएचएस होतं, म्हणजे घरगुती व्हिडिओ कॅसेट, परदेशातल्या भारतीय दुकानांत 'रामायण', 'महाभारत'चे कॅसेट संच मिळायचे, अमेरिकेतल्या नातेवाईकांसाठी इथून पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीची, कॅसेट नेली तर तिकडच्या एनटीएससी या वेगळ्या पद्धतीच्या व्हीसीआरवर चालायची नाही, हे प्रकार ज्यांनी भोगले त्यांना आठवत असतील. पण इथे मालिका विकत घेऊन फळीवर ठेवायची सवय व्हीएचएसने लावलीच नाही, कॅसेट ही भाड्याने आणायची वस्तू होती. अमेरिकेत लोक दर महिन्याला पोस्टाने एक कॅसेट मागवून, एका कॅसेटवर दोन भाग असं जमवायचे, आणि २००० च्या आसपास अख्खा सीझन एका डीव्हीडी खोक्यात यायला लागल्यावर तिकडे संग्रहाचा खरा धंदा उभा राहिला. आपल्याकडे ते काम आधी व्हीसीडीने, म्हणजे व्हिडिओ सीडीने, केलं.

व्हीसीडीवर साधारण ७४ मिनिटं बसतात, म्हणजे दूरदर्शनचे बावीस-तेवीस मिनिटांचे तीन भाग. चित्र ३५२ बाय २८८, म्हणजे जवळपास व्हीएचएसच्या लायकीचंच, फक्त बुरशी न लागणारं. मराठीत या काळात नाटकांच्या व्हीसीडी धो धो आल्या, अडीच तासांचं नाटक दोन डिस्कमध्ये बसतं, लग्नाच्या आहेरात द्यायलाही बरं. मालिका मात्र अडल्या. जुन्या तेरा भागांच्या मालिका पाच डिस्कमध्ये बसल्या असत्या, पण त्यांच्या मास्टर कुठे, हक्क कोणाचे, कलाकारांशी काय ठरलं होतं, हे निस्तरायला कोण बसणार. आणि नंतरच्या डेली सोप तर बोलायलाच नको, पाचशे भाग काढायचे तर दीडशेच्या वर डिस्क, ते खोकं घेणार कोण आणि ठेवणार कुठे. म्हणून मराठी मालिकांचा संग्रह म्हणजे बहुतेक वेळा कोणाच्या तरी मामाने टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली कॅसेट, असाच आहे.

मग २००७ ला ब्लँक सीडी बनवणाऱ्या एका मोठ्या भारतीय कंपनीने, तो कोपऱ्यातला लोगो हिचाच, होम व्हिडिओत उडी घेतली आणि व्हीसीडी २८ रुपयाला, डीव्हीडी ३४ रुपयाला काढली. त्याआधी खरी डिस्क शेकड्यात जायची आणि स्टेशनबाहेरची चोरटी तीस-चाळीसला, त्यामुळे या भावाने गणितच उलटलं. चित्रपट मुख्य होते, पण मालिकाही त्या लाटेत आल्या. आज जुन्या बाजारात जे संच फिरतात त्यातला मोठा वाटा याच वर्षांतला.

स्वस्ताईची किंमत चित्राने मोजली. साध्या एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ जीबी बसतात. त्यावर दोन तास टाकले तर चित्रासाठी सेकंदाला पाच मेगाबिटच्या वर डेटा मिळतो, चित्र छान येतं. पण तीच डिस्क सहा तासांनी भरली की सेकंदाला जेमतेम पावणेदोन मेगाबिट उरतात, आणि मग युद्धाच्या दृश्यात धूळ उडाली रे उडाली की सगळे चौकोन चौकोन. त्यात मूळ टेप इंटरलेस्ड, म्हणजे एका सेकंदात पन्नास अर्धी चित्रं, ती घाईत एकत्र केली की कोणी हात हलवला तर कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. हे दोष टेपचे नाहीत, डिस्क बनवतानाचे आहेत, आणि एकदा मास्टर डिस्क तशी बनली की पुढच्या सगळ्या कॉप्या, यूट्यूबवरच्यासकट, तशाच.

शिवाय कटिंग. बऱ्याच डिस्कवर दर भागाची सुरुवातीची नावं, मागच्या भागाचा गोषवारा आणि शेवटची यादी काढून भाग सलग जोडलेले असतात. ज्याला नुसती गोष्ट बघायची त्याला हे सोयीचंच, पण ज्याला कुठल्या भागात पाहुणा कलाकार कोण होता, संकलन कोणाचं होतं हे शोधायचंय त्याच्या हाती काहीच लागत नाही, आणि भाग कुठे संपत होता हेही कळत नाही. त्यामुळे गंमत अशी झालीय की घरी रेकॉर्ड केलेल्या अस्पष्ट कॅसेटींचा भाव वर गेला. त्यात नावं असतात, मध्येच 'रुकावट के लिए खेद है'ची पाटी असते, साबणाच्या आणि स्कूटरच्या जाहिराती असतात. तेव्हा जाहिरात लागली की पॉज दाबणारे लोक हुशार समजले जायचे, आज ज्याने पॉज दाबला नाही त्याची कॅसेट सगळ्यांना हवीय.

सरकारी बाजूनेही नंतर जाग आली, २००० नंतर जुन्या टेपा डिजिटल करायचं काम हाती घेतलं गेलं, शास्त्रीय संगीताच्या मैफिलींच्या चांगल्या डीव्हीडी निघाल्या, आणि हल्ली बराच माल थेट यूट्यूबवर चढतो. मालिका त्यात आहेत, पण कधी भाग मधूनच गायब, कधी क्रम उलटापालटा. फुकट मिळतंय म्हणून तक्रार करू नये म्हणतात, पण जे चढवलेलं आहे ते हक्काचा वाद झाला की एका दिवसात उतरतं हेही सगळ्यांनी बघितलंय.

तिकडे ती स्वस्त डिस्कवाली कंपनी कर्जात बुडाली आणि २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली, त्याआधीच डिस्कची दुकानं मोबाइल कव्हर विकायला लागली होती. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ ला व्हीसीआर बनवणं थांबवलं. म्हणजे आता कॅसेट वाचवायची तर जुना डेक दुरुस्त करून ठेवणारा माणूस आधी शोधा. कोकणात किंवा मुंबईत राहिलेल्या कॅसेटीवर पांढरी बुरशी असतेच असते, ती तशीच डेकमध्ये घातली की हेड भरतं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही ती लागते. आधी टेप साफ करायची, मग एकदाच चालवायची आणि त्याच वेळी कॅप्चर करायची, दुसरी संधी मिळेलच असं नाही.

जुने संच घेणाऱ्यांनी सध्या बघायच्या गोष्टी त्या मानाने सोप्या आहेत. खोक्यावर 'संपूर्ण' लिहिलेलं असलं तरी भाग मोजा, 'रामायण' अठ्ठ्याहत्तर, 'महाभारत' चौऱ्याण्णव. 'रामायण'च्या संचात 'उत्तर रामायण', म्हणजे त्यापुढची वेगळी मालिका, धरलंय का ते वेगळं विचारा, कारण विकणारा दोन्ही एकच समजतो. व्हीसीडी असेल तर कॉम्प्युटरवर उघडून एमपेगएव्ही फोल्डरमधल्या डॅट फाइली सरळ कॉपी करून घ्या, व्हीएलसीवर त्या चालतात. एखादी फाइल मध्येच अडकली तर दुसऱ्या ड्राइव्हवर टाकून बघा, जुने ड्राइव्ह कधी कधी नव्यांपेक्षा जास्त वाचतात.