राउटर व स्विच : रचना आणि निर्मिती

संगणकांच्या जाळ्यात आलेले पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) पुढे कोणत्या पोर्टमधून, म्हणजे तार जोडण्याच्या खाचेतून, सोडायचे हे ठरवणारी उपकरणे म्हणजे राउटर आणि स्विच. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत ‘स्विच’ म्हटले की आधी विजेचे स्विचगिअर डोळ्यांपुढे येते. येथे अभिप्रेत असलेला स्विच वेगळा. तो एकाच जाळ्यातील यंत्रांच्या ४८ बिटी मॅक पत्त्यांवर (जाळ्यात यंत्र ओळखण्याच्या क्रमांकांवर) काम करतो आणि कोणते यंत्र कोणत्या पोर्टला जोडले आहे, हे आलेल्या फ्रेमवरील (पॅकेट ज्या वेष्टनातून जाते त्यावरील) पाठवणाऱ्याचा पत्ता वाचून स्वतःच शिकतो. इथरनेटचा पहिला स्विच १९९० मध्ये ‘कल्पना’ नावाच्या अमेरिकी कंपनीने बाजारात आणला.

राउटर वेगवेगळी जाळी जोडतो. त्याचे काम पिनकोडवरून चांगले समजते : ४२२ ने सुरू होणारे पत्र नाशिककडे जाते, पण ४२२००३ ही पूर्ण नोंद हाताशी असेल तर ते थेट पंचवटीच्या थैलीत पडते. पॅकेट जेथे पोहोचायचे त्या यंत्राच्या आयपी पत्त्याशी (इंटरनेटवरील क्रमांकाशी) जुळणाऱ्या नोंदींपैकी राउटरही सर्वांत लांब जुळणी निवडतो, मात्र त्याला वेळ फार थोडा असतो. सेकंदाला १०० गिगाबिट वेगाच्या पोर्टवर सर्वांत लहान फ्रेम लागोपाठ आल्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला सात नॅनोसेकंदही येत नाहीत. उपकरणाची जवळजवळ सगळी रचना या एका मर्यादेतून घडते. मार्गांची आखणी साध्या प्रोसेसरवर होते. प्रत्यक्ष पॅकेट मात्र त्याच कामासाठी घडवलेल्या चिपमधून जातात, आणि बऱ्याच मोठ्या राउटरांत मार्गांची यादी सर्व नोंदी एकाच वेळी पडताळणाऱ्या खास मेमरीत ठेवतात. ही मेमरी महाग आणि मोजकी असते. १२ ऑगस्ट २०१४ रोजी इंटरनेटवरील मार्गांची संख्या ५,१२,००० च्या पुढे गेली, तेव्हा अनेक जुन्या राउटरांतील ही जागा संपली आणि ठिकठिकाणी सेवा अडखळल्या. आराखड्यात वाढीला जागा का राखावी, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

गर्दी झाली की पॅकेट बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीच्या मेमरीत, थांबतात. रांग एकच असेल तर पुढे अडकलेले पॅकेट मोकळ्या पोर्टकडे निघालेल्या मागच्या पॅकेटांनाही अडवते, म्हणून मोठ्या उपकरणांत बाहेरच्या प्रत्येक पोर्टसाठी स्वतंत्र रांग असते.

निर्मितीत तांब्याचे अनेक थर असलेल्या सर्किट बोर्डावर सोल्डर पेस्ट (भाग जोडणाऱ्या, वितळणाऱ्या धातूचा लगदा) छापतात, यंत्राने सुटे भाग मांडतात आणि बोर्ड सुमारे २४० अंश सेल्सिअसच्या भट्टीतून नेतात. मोठ्या चिपच्या पोटाखालील सोल्डरचे गोळे डोळ्यांना दिसत नाहीत. ते क्ष-किरणांनी तपासावे लागतात.

घरगुती राउटरमध्ये सहसा पंखा नसतो आणि बहुतेक नमुने ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठीच आखलेले असतात. एप्रिलमध्ये पिंपळगाव बसवंतच्या पत्र्याखालील द्राक्ष पॅकहाउसात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. तेथे धातूच्या पेटीतील, अधिक तापमान सोसणारे औद्योगिक राउटरच बसवावेत.