शोकाला आजार केव्हा म्हणायचे? निदानपुस्तिकेतून वगळलेल्या एका अपवादाची पार्श्वभूमी

मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली आणि तीत ‘दीर्घकालीन शोकविकार’ हे निदान पहिल्यांदाच मुख्य यादीत आले. त्याच वर्षीच्या जानेवारीत आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीची अकरावी आवृत्ती लागू झाली होती आणि तिच्यातही हाच विकार आहे. मात्र पहिल्या पुस्तिकेनुसार प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत आप्ताच्या मृत्यूला किमान १२ महिने उलटलेले असावे लागतात, तर दुसरीनुसार ६. या दोन मुदतींमागचा वाद समजून घ्यायचा तर २०१३ मध्ये नैराश्याच्या निकषांतून वगळल्या गेलेल्या एका तरतुदीकडे जावे लागते: आप्ताच्या मृत्यूनंतरच्या शोकाला नैराश्याचे निदान लावू नये, असा तो अपवाद होता.

शोक आणि नैराश्य दिसायला सारखे असतात, ही बाब जुनीच आहे. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या मनोविश्लेषणात्मक निबंधात या दोहोंतील फरक असा मांडला होता की, शोकात माणसाला जग रिते वाटते, तर विषण्णतेत तो स्वतःच्याच नजरेतून उतरतो. आणि शोक काळाबरोबर ओसरत असल्याने त्यावर वैद्यकीय उपचार करण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही, असेही त्यात म्हटले होते. नोव्हेंबर १९४२ मध्ये बोस्टनमधील एका नाइटक्लबला लागलेल्या आगीत ४९२ माणसे मरण पावली. त्यानंतर तेथील एका मनोविकारतज्ज्ञाने शोकाकुल माणसांची पाहणी करून १९४४ मध्ये शोकाची लक्षणे पहिल्यांदा पद्धतशीरपणे नोंदवली. बहुतेकांचा शोक चार ते सहा आठवड्यांत, आठ-दहा भेटींमध्ये मार्गी लावता येतो, असा त्याचा विश्वास होता. पुढच्या संशोधनाने तो फार आशावादी ठरवला. लंडनमध्ये मूल आणि आई यांच्या ताटातुटीचा अभ्यास झाला, त्यातून शोक ही तुटलेल्या बंधाची प्रतिक्रिया आहे असे स्पष्टीकरण पुढे आले आणि आजचे बहुतेक संशोधन त्याच वाटेने चालते. शोकाच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या पाच अवस्थांचा उगम मात्र १९६९ मध्ये मांडलेल्या, स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांच्या अनुभवात आहे. मागे राहिलेल्यांना ते मोजमाप सर्रास लावले जाते, हे खेदाचे आहे.

वादाचे मूळ सेंट लुईस शहरात आहे. तेथे १९६० आणि १९७० च्या दशकांत नुकत्याच विधवा किंवा विधुर झालेल्या सर्वसामान्य लोकांच्या मुलाखती घेण्यात आल्या, तेव्हा पहिल्या महिन्यात त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश जणांमध्ये नैराश्याच्या रुग्णांत दिसतात तशीच लक्षणे आढळली. झोप उडणे, भूक मरणे, सतत रडू येणे आणि कशातच मन न लागणे यांचा त्यांत समावेश होता. १९८० ची निदानपुस्तिका कारणांविषयी बोलणे जाणीवपूर्वक टाळून केवळ लक्षणांच्या मोजणीवर उभी केली जात होती. निव्वळ मोजणी केली असती, तर इतक्या साऱ्या विधवा आणि विधुर आजारी ठरले असते. म्हणून त्या पुस्तिकेत शोकाचा अपवाद घालण्यात आला. कारणांना थारा न देणाऱ्या त्या रचनेत नैराश्यापुरते हे एकच कारण विचारात घेतले गेले, ही गोष्ट पुढच्या सगळ्या वादाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १९९४ च्या आवृत्तीत अपवादाला दोन महिन्यांची मर्यादा पडली आणि आत्महत्येचे विचार, स्वतःबद्दल टोकाची तुच्छता किंवा भ्रम असल्यास तो लागू होणार नाही, अशी अटही आली.

२००७ च्या सुमारास दोन संशोधक गटांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला आणि त्यांना उत्तरही जवळजवळ एकच मिळाले: मृत्यूनंतर येणारे नैराश्य आणि घटस्फोट, नोकरी जाणे यांसारख्या इतर आघातांनंतर येणारे नैराश्य यांत फारसा फरक नाही. निष्कर्ष मात्र परस्परविरोधी निघाले. एका गटाचे म्हणणे असे की, फरकच नसेल तर मृत्यूला वेगळी वागणूक देण्याचे कारण नाही, म्हणून अपवाद काढून टाकावा. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की, फरकच नसेल तर अपवाद इतर आघातांनाही लागू करावा, कारण नोकरी गेलेल्या माणसाचे दोन-तीन आठवड्यांचे खचलेपणही आजार असेलच असे नाही. तर्काच्या दृष्टीने दोन्ही वाटा मोकळ्या होत्या आणि नव्या आवृत्तीची समिती पहिल्या वाटेने गेली.

समितीच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. आप्ताचा मृत्यू हा तीव्र नैराश्याला निमित्त ठरू शकतो, त्यात आत्महत्येचा धोका खरा असतो आणि ‘दुःख आहे, ओसरेल’ असे म्हणून अशा माणसाला परत पाठवणे जिवावर बेतू शकते. त्या वेळच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत असा अपवाद नव्हताच, हेही खरे. तथापि, जुना अपवाद आत्महत्येचे विचार असलेल्यांना लागू होतच नव्हता. त्यामुळे ज्यांच्यासाठी भीती व्यक्त केली जात होती, ते आधीच त्याच्या बाहेर होते. शिवाय ज्यांचे खचलेपण थोड्या काळाचे आणि या अटींमध्ये बसणारे होते, त्यांना पुढे पुन्हा नैराश्य येण्याचे प्रमाण ते कधीच न आलेल्या लोकांपेक्षा अधिक नसल्याचे निर्णयापूर्वीच प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसले होते. या पुराव्याला समितीच्या चर्चेत हवे तेवढे वजन मिळाले, असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही.

व्यवहारात याचा अर्थ काय होतो, ते पाहावे. नैराश्याच्या निदानासाठी नऊपैकी पाच लक्षणे सलग दोन आठवडे असणे पुरेसे आहे. अपवाद गेल्यानंतर तत्त्वतः हे निदान तेरावे होऊन पाहुणे परतत असतात, जवळपास त्याच सुमारास करता येते. टीकेचा जोर एवढा होता की, २०१३ च्या छापील पुस्तिकेत शोक आणि नैराश्य वेगळे कसे ओळखावेत हे सांगणारी टीप जोडावी लागली: शोकात रितेपण प्रमुख असते, वेदना लाटांसारखी येते-जाते आणि स्वतःविषयीचा आदर सहसा टिकून राहतो. १९१७ चाच भेद येथे तळटिपेतून परत आला. निकषातून मात्र तो गेला होता.

दरम्यान दुसरा प्रवाह वेगळाच चालला होता. १९९० च्या दशकापासून काही संशोधक सांगत होते की, थोड्या लोकांचा शोक वर्षानुवर्षे तसाच तीव्र राहतो. गेलेल्या व्यक्तीची ओढ सुटत नाही, मृत्यू खरा वाटत नाही, आणि हे नैराश्यापेक्षा निराळे आहे. या दाव्याला बळ मिळाले ते उपचारांच्या चाचण्यांतून. २००५ मध्ये खास शोकासाठी बांधलेल्या मानसोपचाराचा गुण निम्म्याहून किंचित अधिक रुग्णांना आला, तर नैराश्यासाठी वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या पद्धतीचा गुण सुमारे २८ टक्क्यांना आला. २०१६ च्या मोठ्या चाचणीत या उपचाराला नैराश्यरोधक गोळीची जोड दिली, तेव्हा नैराश्याची लक्षणे अधिक कमी झाली, पण शोकावर गोळीचा वेगळा परिणाम फारसा दिसला नाही. शोकाला नैराश्यात विलीन करणे घाईचे होते, असे म्हणण्यास या निकालांचा मोठा आधार आहे.

मुदतीचा प्रश्न यानंतर आला. २००९ मध्ये सुचवलेल्या निकषांत सहा महिने होते आणि आंतरराष्ट्रीय वर्गवारीने तेच ठेवले. अमेरिकी पुस्तिकेने २०१३ च्या वादातून धडा घेत प्रौढांसाठी मुदत दुप्पट केली, मुलांसाठी सहाच महिने ठेवले. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार मानसिक आजार ठरवताना आधार घ्यायच्या मानकांत याच आंतरराष्ट्रीय वर्गवारीचा नावानिशी उल्लेख आहे, त्यामुळे आपल्या दृष्टीने सहा महिन्यांचा आकडा अधिक महत्त्वाचा ठरतो. त्या वर्गवारीत आणखीही एक अट आहे: शोक त्या व्यक्तीच्या समाजात, संस्कृतीत आणि धर्मात अपेक्षित असतो त्याहून स्पष्टपणे अधिक असला पाहिजे. वर्षश्राद्धापर्यंत सण आणि मंगलकार्ये टाळणाऱ्या घरातील व्यक्तीच्या बाबतीत सहा महिन्यांची मोजणी या अटीशिवाय लावता येत नाही, आणि ही अट तपासण्याचे काम कोणत्याही प्रश्नावलीऐवजी समोर बसलेल्या डॉक्टरवर किंवा समुपदेशकावरच येते.